ईएनएस टोकनचं मत डेलिगेट कसं करायचं: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर २०२१ मध्ये ईथरियम नेम सर्व्हिसने, म्हणजे ईथरियम ब्लॉकचेनवरच्या लांबलचक पत्त्यांना वाचता येणारी नावं देणाऱ्या ईएनएसने, मतदानाचा हक्क देणारी आपली टोकन वाटली तेव्हा माझ्याकडे एक 'डॉट ईथ' नाव होतं. त्यामुळे थोडी टोकन माझ्याही वाट्याला आली. ती घेताना दोन कामं करावी लागत होती. ईएनएस चालवणाऱ्या टोकनधारकांच्या संघटनेच्या घटनेतल्या पाचही कलमांवर मत द्यायचं, आणि पुढच्या प्रस्तावांसाठी आपलं मत कुणाकडे सोपवायचं, म्हणजे डेलिगेट करायचं, ते ठरवायचं. कलमं मी नीट वाचली. प्रतिनिधींची यादी समोर आली तेव्हा मात्र पहिल्या पानावरचं एक ऐकलेलं नाव निवडलं आणि पुढे गेलो. गॅस (ईथरियमवरच्या व्यवहाराचं शुल्क) महाग होता, मध्यरात्र उलटली होती, आणि हे नंतर बदलता येतं हे ठाऊक होतं.

बदलायची वेळ दीड वर्षाने आली. एका प्रस्तावावर स्वतः मत द्यावंसं वाटलं, म्हणून पाहायला गेलो, तर माझ्या प्रतिनिधीने कित्येक महिने एकाही प्रस्तावावर मत दिलेलं नव्हतं. मी लगेच मत स्वतःकडे घेतलं. ट्रान्झॅक्शन पार पडलं, पैसे कापले गेले, आणि तरी त्या प्रस्तावासमोर माझी मतशक्ती शून्यच दिसत राहिली. असं का झालं हे उलगडायला दोन संध्याकाळी गेल्या. तुमच्या त्या वाचाव्यात म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

उदाहरण ईएनएसचं घेतलंय, कारण ते मी स्वतः केलंय. यूनिस्वॅप, कंपाउंड, आर्बिट्रम, ऑप्टिमिझम या क्रिप्टो प्रकल्पांच्या टोकनचं डेलिगेशनही मुळात याच पद्धतीचं आहे. आकडे आणि मुदती वेगळ्या, पायऱ्या बहुतेक त्याच.

१. आपण नेमकं काय सोपवतो?

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीत एका सभासदाला एकच मत असतं, आणि प्रॉक्सी पाठवून मतदान करायला महाराष्ट्राचा सहकार कायदा परवानगी देत नाही. कंपनीच्या सभेत मात्र जितके शेअर तितकं मत, आणि स्वतः जाता येत नसेल तर प्रॉक्सी नेमता येतो. टोकनचं मतदान या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचं आहे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की कंपनीतला प्रॉक्सी त्या सभेपुरता असतो. इथलं डेलिगेशन तुम्ही बदलेपर्यंत चालू राहतं. वर्षानुवर्षं.

टोकन तुमच्याच वॉलेटमध्ये, म्हणजे ती ठेवायच्या ॲपमध्ये किंवा उपकरणात, राहतात. प्रतिनिधी ती विकू शकत नाही, हलवू शकत नाही. तुम्ही मात्र ती कधीही विकू शकता, आणि विकलीत की तितकी मतं त्याच्याकडून आपोआप कमी होतात. उलट त्याच वॉलेटमध्ये आणखी टोकन आली, तर तीही आपोआप त्याच्या हिशेबात धरली जातात.

आता चार नियम, ज्यांच्यावर बहुतेक नवखे अडखळतात.

- टोकन नुसती हातात असली की मत मिळत नाही. कुणालाच डेलिगेट केलं नसेल तर तुमची मतशक्ती शून्य. स्वतः मत द्यायचं असेल तरी ते आधी स्वतःच्याच पत्त्याला, म्हणजे वॉलेटच्या खाते क्रमांकाला, डेलिगेट करावं लागतं.
- एका पत्त्यावरची सगळी टोकन एकाच प्रतिनिधीकडे जातात. अर्धी याला, अर्धी त्याला असं टोकनच्या मूळ करारात (ईथरियमवर चालणाऱ्या त्यांच्या प्रोग्राममध्ये) होत नाही. विभागून द्यायची असतील तर सोपा मार्ग म्हणजे दोन वॉलेट.
- डेलिगेशन पुढे सरकत नाही. तुम्ही मीनाला दिलं आणि मीनाने स्वतःचं मत सुरेशला दिलं, तर तुमचं मत मीनाकडेच थांबतं.
- एखाद्याच प्रस्तावापुरतं 'या वेळी मी देतो' असं म्हणता येत नाही. मत सोपवलेलं असताना तुमचं बटण चालत नाही.

२. हाताशी काय हवं

- ईएनएस टोकन ज्यात आहेत ते तुमच्या ताब्यातलं वॉलेट. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे वेगळ्या उपकरणातलं, असेल तर उत्तम.
- त्याच पत्त्यावर थोडं ईथर, म्हणजे ईथरियमचं चलन, गॅससाठी. साधारण एक लाख युनिट गॅस धरून चाला. दर २ ग्वेई (ग्वेई म्हणजे ईथरचा अब्जावा भाग) असेल तर ०.०००२ ईथर, १०० ग्वेई असेल तर ०.०१ ईथर. वाटपाच्या दिवसांत दर शंभराच्या वर गेले होते आणि ईथर साडेचार हजार डॉलरच्या आसपास होतं, त्यामुळे लोकांनी या साध्या कामाला भरपूर पैसे मोजले. आज घाई नसेल तर दर उतरण्याची वाट पाहा.
- निवडलेल्या प्रतिनिधीचा पूर्ण पत्ता, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पडताळलेला.
- ईथरस्कॅनसारखं एक्सप्लोरर, म्हणजे ईथरियमवरचे व्यवहार पाहायचं संकेतस्थळ. पडताळणी तिथेच करायची आहे.
- एक वही किंवा फाइल: तारीख, कुणाला डेलिगेट केलं, ट्रान्झॅक्शनचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक), किती गॅस गेला.

केवायसी, पॅन, आधार यातलं काहीही लागत नाही. कुणी मागितलं तर तिथून बाहेर पडा. वॉलेटचा पूर्ण ताबा देणारी बारा किंवा चोवीस शब्दांची सीड फ्रेज तर कोणत्याही कारणासाठी द्यायची नाही.

करांबद्दल एक ओळ. १ एप्रिल २०२२ पासून भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातल्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. डेलिगेशनमध्ये टोकन कुणाच्या नावावर जात नाहीत, पण गॅससाठी ईथर खर्च होतं. म्हणून ती वही सीएला दाखवा आणि त्याची नोंद कशी करायची ते त्यांनाच ठरवू द्या.

३. टोकन खरंच तुमच्या पत्त्यावर आहेत का?

एक्स्चेंजवर विकत घेतलेली टोकन तुमच्या खात्यात दिसतात, पण साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, ती एक्स्चेंजच्या पत्त्यावर असतात. तिथून डेलिगेट करता येत नाही. आधी स्वतःच्या वॉलेटमध्ये काढावी लागतात, आणि काही एक्स्चेंज काढूच देत नाहीत, ते आधी तपासा. लिक्विडिटी पूलमध्ये, म्हणजे अदलाबदलीसाठीच्या सामायिक साठ्यात, टाकलेली किंवा कर्जाऊ दिलेली टोकनही तुमच्या मतात धरली जात नाहीत.

४. दुसऱ्याला द्यायचं की स्वतःकडे ठेवायचं?

महिन्यातून दोन-तीन तास प्रस्ताव वाचायची तयारी असेल तर स्वतःकडे ठेवा. थोडी टोकन असली तरी चालेल. मतदान कसं चालतं हे कळायला याहून चांगला रस्ता मला दिसलेला नाही.

इथे एक युक्ती आहे, आणि ती मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. टोकन हार्डवेअर वॉलेटमध्ये कपाटात राहू द्या आणि तिथून डेलिगेट करा स्वतःच्याच दुसऱ्या, रोजच्या वापराच्या वॉलेटला. मग दर मतदानाला ते उपकरण बाहेर काढावं लागत नाही. रोजचं वॉलेट चोराच्या हाती गेलं तरी तो फार तर तुमच्या नावाने मत देईल, टोकनला हात लावू शकणार नाही. कळलं की हार्डवेअर वॉलेटमधून डेलिगेशन बदलायचं.

वेळ नसेल तर प्रतिनिधी निवडा. मात्र पुढची पायरी शांतपणे करा.

५. प्रतिनिधी निवडताना

प्रतिनिधींच्या यादीत सहसा सगळ्यात जास्त मतशक्ती असलेली नावं वर असतात. म्हणूनच पहिल्या पानावरून निवडू नका. ज्याच्याकडे आधीच भरपूर मतं आहेत त्यालाच आणखी मिळत जातात, आणि निर्णय मूठभर लोकांच्या हाती राहतात. ईएनएसची एकूण टोकन १० कोटी आहेत. साखळीवर प्रस्ताव मांडायला १ लाख मतं लागतात, आणि तो मंजूर व्हायला किमान १ टक्का, म्हणजे १० लाख टोकनची 'बाजूने' किंवा 'तटस्थ' मतं लागतात. अशा ठिकाणी मधल्या फळीतल्या, नियमित मत देणाऱ्या माणसाला मिळालेली पाचशे-हजार मतंही मोलाची असतात.

मी आता या गोष्टी पाहतो.

गेल्या दहा प्रस्तावांपैकी कितींवर मत दिलं? साखळीवरचं आणि स्नॅपशॉट या साखळीबाहेरच्या मतदानाच्या संकेतस्थळावरचं, दोन्ही मोजा. दहापैकी आठांपेक्षा कमी असेल तर मी पुढचं नाव पाहतो. या एकाच कसोटीने निम्मी यादी गळते.

मतामागचं कारण लिहिलं आहे का? प्रत्येक वेळी निबंध नको, पण वादाच्या प्रस्तावावर दोन परिच्छेद तरी हवेत. आणि 'विरोधात' कधी मत दिलं आहे का, हेही पाहा. जो प्रत्येक खर्चाला 'हो' म्हणतो, त्याच्याकडे मत देऊन तुम्ही वेगळं काही मिळवत नाही.

हितसंबंध उघड केले आहेत का? संघटनेकडून निधी घेणाऱ्या गटांतली माणसं प्रतिनिधीही असतात. यात गैर काही नाही, कारण काम जाणणारी माणसं तीच असतात. पण स्वतःच्या निधीच्या प्रस्तावावर त्यांनी काय केलं, मत दिलं की तटस्थ राहिले, आणि ते आधी सांगितलं का, हे बघण्यासारखं असतं.

त्यांचं घटनेबद्दल काय मत आहे? ईएनएसच्या घटनेचं पहिलं कलम सांगतं की नावाच्या मालकीवर गदा आणता येणार नाही. दुसरं आणि तिसरं कलम शुल्क कशासाठी घ्यायचं आणि मिळालेला पैसा कुठे वापरायचा याबद्दल आहे. शुल्क आणि खजिना यांवरचा प्रस्ताव आला की हीच कलमं चर्चेत येतात. तुम्हाला जी बाजू पटते, तिचा माणूस निवडा.

प्रतिनिधी म्हणजे कायमचा विश्वास नव्हे, हेही लक्षात असू द्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये ईएनएसच्या सर्वात मोठ्या प्रतिनिधींपैकी एकाच्या जुन्या जाहीर विधानावरून मोठं वादळ उठलं. ज्यांना ते विधान मान्य नव्हतं त्यांनी आपली मतं काढून घेतली, ज्यांना त्याने फरक पडत नव्हता त्यांनी ठेवली. पण ज्यांनी टोकन घेतल्यापासून वॉलेट उघडलंच नव्हतं, त्यांची मतं जागच्या जागी राहिली. त्यांची बाजू कोणती, हे कुणालाच कळलं नाही.

६. वेळ कधीची धरायची

माझी मतशक्ती शून्य दिसत राहिली त्याचं उत्तर इथे आहे.

शेअर घेणाऱ्यांना रेकॉर्ड डेट माहीत असते. त्या दिवशी तुमचं नाव यादीत असेल तर लाभांश, दुसऱ्या दिवशी घेतलेल्या शेअरवर नाही. इथेही तसंच. प्रत्येक प्रस्तावासाठी एक ठरावीक ब्लॉक (साखळीत एका वेळी नोंदलेल्या व्यवहारांचा गठ्ठा) असतो, आणि त्या ब्लॉकला कुणाकडे किती डेलिगेट केलेली मतं होती तेवढंच मोजलं जातं. ईएनएसमध्ये साखळीवर प्रस्ताव दाखल झाल्यावर अवघ्या एका ब्लॉकनंतर ही नोंद होते. एक ब्लॉक म्हणजे बारा सेकंद. पुढे मतदान ४५,८१८ ब्लॉक, म्हणजे सहा-साडेसहा दिवस चालू राहतं, पण त्या दिवसांत केलेलं डेलिगेशन त्या प्रस्तावाच्या उपयोगाचं नसतं. पुढच्या प्रस्तावापासूनच ते धरलं जातं.

हा नियम जाचक वाटला तरी तो हवा. एप्रिल २०२२ मध्ये बीनस्टॉक नावाच्या प्रकल्पात एकाने एकाच ट्रान्झॅक्शनपुरतं प्रचंड कर्ज उचललं, त्यातून मतं मिळवली, आपलाच प्रस्ताव मंजूर करून घेतला आणि कर्ज फेडलं. प्रकल्पाला १८ कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. मतं आधीच्या ब्लॉकवरून मोजली, तर असं क्षणभराचं उसनं बळ वापरता येत नाही.

तेव्हा प्रस्तावाची चर्चा सुरू असतानाच डेलिगेशन उरकून घ्या. मतदान सुरू झाल्याची बातमी आली की त्या प्रस्तावासाठी उशीर झालेला असतो.

७. प्रत्यक्ष डेलिगेट करणं

१. ईएनएसच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा कागदपत्रांतून मतदानाच्या पोर्टलवर जा. सर्च इंजिनमधल्या जाहिरातीवर क्लिक करू नका, आणि टेलिग्राम किंवा डिस्कॉर्डवर कुणी खासगीत पाठवलेली लिंक तर नकोच.

२. वॉलेट जोडा. जोडताना फक्त पत्ता दिसू द्यायची परवानगी मागितली जाते.

३. प्रतिनिधीचं नाव शोधा आणि त्याखालचा पूर्ण पत्ता अक्षर न अक्षर ताडून पाहा. पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून थांबू नका, कारण तेवढी जुळणारे बनावट पत्ते मुद्दाम तयार केले जातात. दुसऱ्या लिपीतली सारखी दिसणारी अक्षरं वापरून बनवलेली नावंही असतात.

४. डेलिगेटचं बटण दाबल्यावर वॉलेट जे दाखवेल ते वाचा. तीन गोष्टी जुळायला हव्यात: समोरचा करार ईएनएस टोकनचा आहे, फंक्शनचं नाव 'डेलिगेट' आहे, आणि पाठवायची रक्कम शून्य ईथर आहे. गॅस तेवढा वेगळा.

५. मान्य करा आणि ट्रान्झॅक्शन पूर्ण होईपर्यंत थांबा.

पोर्टल बंद असेल तरी काम अडत नाही. ईथरस्कॅनवर टोकनच्या करारात 'राइट कॉन्ट्रॅक्ट' या टॅबखाली 'डेलिगेट' हेच फंक्शन आहे. तिथे प्रतिनिधीचा पत्ता टाकून थेट करता येतं.

चौथ्या मुद्द्यावर थोडं थांबतो, कारण खरा धोका तिथे आहे. 'डेलिगेट'ऐवजी 'अप्रूव्ह' दिसलं तर तुम्ही कुणाला तरी तुमची टोकन हलवायची परवानगी देता आहात. ते नाकारा. त्याहून फसवा प्रकार म्हणजे गॅस न लागणारी सही. ईएनएस टोकनमध्ये सहीने डेलिगेट करण्याची सोय आहे, तशी सहीने खर्चाची परवानगी देण्याचीही आहे, तिला 'परमिट' म्हणतात. दोन्हींची खिडकी सारखीच दिसते, दोन्हींना पैसे लागत नाहीत. फरक आतल्या मजकुरात असतो. डेलिगेशनच्या सहीत 'डेलिगेटी', 'नॉन्स' आणि 'एक्स्पायरी' एवढेच रकाने असतात. 'स्पेंडर', 'व्हॅल्यू', 'डेडलाइन' दिसले तर ते परमिट आहे, आणि त्यावर सही केली की टोकन गेली समजा. ज्या सहीतला मजकूर वॉलेट वाचता येईल असा दाखवत नाही, तिच्यावर सहीच करू नका.

८. झालं का, ते तपासा

ईथरस्कॅनवर टोकनच्या करारात 'रीड कॉन्ट्रॅक्ट' उघडा. 'डेलिगेट्स' मध्ये स्वतःचा पत्ता टाका. उत्तरात प्रतिनिधीचा पत्ता यायला हवा. सगळी शून्यं आली तर डेलिगेशन झालेलंच नाही. 'गेट व्होट्स' मध्ये प्रतिनिधीचा पत्ता टाकला की त्याची एकूण मतशक्ती दिसते. आकडा भलामोठा दिसेल, त्यातली शेवटची अठरा स्थानं दशांशाची आहेत.

ईएनएसचे काही प्रस्ताव स्नॅपशॉटवर, गॅसशिवाय होतात. तिथेही साखळीवरचं हेच डेलिगेशन मोजलं जातं. सगळ्या संघटनांत असं नसतं. काहींमध्ये स्नॅपशॉटचं डेलिगेशन अगदी वेगळं नोंदवावं लागतं आणि एक केलं म्हणून दुसरं होत नाही. दुसऱ्या टोकनसाठी हे करताना आधी तेवढं विचारून घ्या.

९. दर तीन महिन्यांनी पंधरा मिनिटं

कॅलेंडरमध्ये आठवण लावा. मी जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पाहतो. प्रतिनिधीने मतं दिली का, वादाच्या प्रस्तावावर काय लिहिलं, नवं काही काम किंवा निधी स्वीकारला का. समाधान नसेल तर पायरी ७ पुन्हा, नव्या पत्त्यासह. जुन्याची परवानगी लागत नाही, आधी रद्द करावं लागत नाही. मत परत घ्यायचं असेल तर स्वतःचाच पत्ता टाका.

ही पंधरा मिनिटं का द्यायची, ते कंपाउंडमध्ये जुलै २०२४ मध्ये दिसलं. ४,९९,००० कॉम्प टोकन, तेव्हाच्या भावाने सुमारे २.४ कोटी डॉलर, एका मोठ्या धारकाच्या गटाच्या योजनेत वळवण्याचा प्रस्ताव ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. कंपाउंडची एकूण टोकन १ कोटी आहेत. म्हणजे जेमतेम तेरा टक्के मतांवर निकाल लागला, आणि फरक पन्नास हजारांच्याही आत होता. पुढे तडजोड होऊन प्रस्ताव मागे घेतला गेला, पण तो मंजूर झाला होता हे खरं. ईएनएसमध्येही खजिना मोठा आणि जागी मतं थोडी अशी परिस्थिती झाल्यामुळे २०२४ मध्ये दोन वर्षांच्या मुदतीची एक सुरक्षा समिती नेमावी लागली. आठ सदस्यांपैकी चौघांच्या सहीने घातक प्रस्ताव रद्द करायचा अधिकार तिला दिला गेला. टोकनधारकांनी मतं जागी ठेवली असती तर एवढा अधिकार आठ जणांच्या हाती द्यायची वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

शेवटचा सापळा. नवं वॉलेट घेतलंत आणि टोकन तिकडे हलवलीत, तर डेलिगेशन सोबत जात नाही. ते पत्त्याला चिकटलेलं असतं, टोकनला नाही. नव्या पत्त्यावर तुम्ही पुन्हा शून्यावर असता. टोकन हलवली त्याच बैठकीत पायरी ७ आणि ८ करून घ्या, आणि वहीत नवी तारीख लिहा.